ताईची कादंबरी मी पुरी केली नाही

ताईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तिचं सासर आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. थंडी संपून ऊन चटकायला लागलं होतं आणि दशक्रियेला आलेली माणसं मिळेल त्या सावलीत दाटीनं बसली होती. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते, पण खाली उतरत नव्हते.

अशा वेळी आमच्याकडे घरचं एकेक माणूस हात जोडून पिंडापाशी जातं. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल याचा अंदाज करायचा आणि ते मी करीन असा शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. दाजी पुढे गेले, मुलांना शिकवीन म्हणाले. ताईच्या सासूबाईंनी तिची म्हैस विकणार नाही असं सांगितलं. माझ्या आईनं नातवंडांना दर सुट्टीत घेऊन जाईन म्हणून सांगितलं. कावळे हलेनात. मागे कुणीतरी म्हणालं, आता दर्भाचा कावळा करून शिवून घ्या, लोकांना पुढं नारायणगावचा बाजार गाठायचाय. तेव्हा दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. पिंडापुढे उभा राहिलो आणि मला काहीच सुचेना. ताईला काय हवं होतं? तिला जगायला हवं होतं. ते सोडून दुसरं काही आठवेना. मग दवाखान्यात तिच्या उशाशी असायचं ते जाड पुस्तक आठवलं आणि मी म्हणालो, "ताई, तुझी कादंबरी अर्धी राहिलीय. ती मी पुरी करतो. आईलाही वाचून दाखवतो."

एक कावळा उतरला, भाताला चोच लावून गेला. माणसं उठून धोतरं झटकायला लागली. माझ्या मागचे एक म्हातारे शेजारच्याला म्हणाले, "शिकल्याली व्हती ना. बुकात जीव अडकला व्हता, राव."

ती कादंबरी तेव्हा आमच्या भागात घरोघर होती. इथल्याच एका किल्ल्यावर घडणारी, म्हणून तिचं कौतुक जास्त. सरदाराची मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा एक घोडेस्वार, मध्ये लढाया, फितुरी, पालख्या, अत्तरं. एरवी पुस्तकाला हात न लावणारी माणसंही ती वाचत होती. ओतूरला मी ज्यांच्याकडून वाणसामान घ्यायचो, त्या मारवाडी शेठच्या गल्ल्याशेजारी ती उपडी घातलेली असायची आणि गिऱ्हाईक आलं की ते वैतागून उठायचे. ताईनं ती नारायणगावहून आजारपणात वाचायला म्हणून आणवली होती. वाचून थांबली की ती पानाचा कोपरा दुमडायची. मी बघायला गेलो की सांगायची, माझं होऊ दे, मग तू वाच, मग बोलू आपण. शेवटचा दुमडलेला कोपरा साधारण मध्यावर होता.

दहाव्यानंतर दाजींनी पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. आईनं घरी आल्यावर एवढंच सांगितलं की तोंडातून शब्द गेलाय, तर वर्षाच्या आत पुरं कर, तिला अडकवून ठेवू नको. त्यावर माझी मी एक अट घातली. हे पुरं होईपर्यंत दुसरं काही वाचायचं नाही. मी मला ओळखत होतो. दुसरं पुस्तक हातात आलं असतं, तर हे राहिलंच असतं. ओतूरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवत होतो, एका खोलीत एकटा राहत होतो आणि त्या खोलीत पुस्तकांखेरीज फारसं काही नव्हतं. त्यांच्यावर मी एक जुनी चादर टाकली. शिकवण्यापुरतं क्रमिक पुस्तक उघडायचो, बाकी वर्तमानपत्रसुद्धा बंद केलं.

दर रविवारी जीपनं गावी जायचो. जेवणं झाली की आई ओसरीवर वाती वळायला बसायची आणि मी वाचायला. तिनं काहीच ऐकलेलं नव्हतं, म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली.

सुरुवातीला ती मध्येच काहीबाही विचारायची. ही पोरगी जेवती कधी? एवढ्या दागिन्यांत हिला निजता कसं येतं? घोडेस्वार एका रात्रीत घाट चढून-उतरून सकाळी महालाखाली हजर झाला, तेव्हा तिनं वात वळता वळता म्हटलं, "आरं, पर घोड्याचं काय?" मी हसलो. मलाही तेच वाटलं होतं. नायिकेला गच्चीतून समुद्र दिसतो असं एका पानावर होतं. आमच्या डोंगरातून समुद्र! मी भूगोलाचा माणूस, ते पान मी दोनदा वाचलं आणि गप्प पुढे गेलो. पुष्करिणीतल्या स्नानाचं एक प्रकरण आलं. आईसमोर ते मोठ्यानं वाचणं मला जमणार नव्हतं. मी घसा खाकरून म्हणालो, "इथं तिनं आंघोळ केली." आई म्हणाली, "बरं केलं."

कादंबरी वाईट होती असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचे लोक ती वाचून रडले होते. पण मला तिच्यात शिरताच येईना. माझं दुःख एका बाजूला बसलेलं असायचं आणि ही माणसं दुसऱ्या बाजूला शेले सावरत, निःश्वास टाकत उभी. आठवडाभर संध्याकाळी खोलीवर एकटा वाचायला बसलो, तर चार पानांनंतर लक्षात यायचं की आपण डोळे फिरवतोय फक्त. मागे जाऊन परत वाचायचो. हळूहळू आईचे प्रश्न थांबले. ती मान खाली घालून वाती वळायची, मी वाचायचो, चहाची वेळ झाली की दोघांनाही बरं वाटायचं. चादरीखालच्या पुस्तकांकडे मी बघणं टाळायचो. लहानपणापासून पहिल्यांदाच असं झालं होतं की मी वाचणारा माणूस राहिलो नव्हतो आणि वर्ष संपत आलं होतं.

एका रविवारी नायिकेच्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या मृत्यूचं प्रकरण आलं. ती समईच्या उजेडात पडलेली असते, चेहऱ्यावर तेज असतं आणि प्रत्येकाचा निरोप घेऊन ती एक पूर्ण पानभर बोलते. मी अर्धं पान वाचलं. आईचे हात थांबले होते. ताईनं दुमडलेला कोपरा अजून पुढे होता, म्हणजे पडल्या पडल्या तिनं हे वाचलं होतं आणि ती पुढेही गेली होती. मला ते ओलांडता येईना. मी पुस्तक मिटलं.

"आई, माझ्याच्यानं हे होत नाही," मी म्हणालो. "पुढं वाचवत नाही मला."

मांडीवरच्या वाती गोळा करून तिनं परातीत ठेवल्या. मला वाटलं, आता वर्षाचं निघेल, शब्दाचं निघेल. पण ती म्हणाली, "मग नको वाचू. मला तर ते लई दिस झालं कळंनाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझं मन रमतंय म्हणलं. तू दर ऐतवारी यायचा ना त्यापायी. कशाला मोडू?"

तिच्यासाठी म्हणून मी रेटत होतो आणि ती माझ्यासाठी. इतके रविवार आम्ही दोघं त्या सरदाराच्या मुलीची मर्जी सांभाळत बसलो होतो. मग मी तिला खरी अडचण सांगितली. नदीवर सगळ्यांसमोर शब्द दिलाय, त्याचं काय?

"तिनं कुठं मागितलं व्हतं तुझ्याकडं? तूच बोलला," आई म्हणाली. "मी सांगते तिला. माझं ऐकती ती."

ते तिनं इतकं सरळ म्हटलं की माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं मला अंगात जाणवलं. मी भिंतीला टेकून बसलो. समोरच्या रानातून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, तो बराच वेळ चालू असणार, मला आत्ता ऐकू आला.

मग आईनं विचारलं, "ती शेवटाला काय बोलली रं? खरं सांग. आजपातुर कुणीच सांगितलं न्हाई मला."

ताईची मुलं सांभाळायला म्हणून आई शेवटच्या दिवसांत ताईच्या घरी थांबली होती. दवाखान्यात मी होतो. हे तिनं आजवर विचारलं नव्हतं. विचारायला जागा तरी कुठे होती? आमच्या मध्ये ती कादंबरी होती.

"काही विशेष नाही," मी म्हणालो. "खिडकी लाव म्हणाली, वारं लागतंय. मी लावली. मग झोप लागली तिला."

"खिडकी लाव म्हणाली?"

"हो."

"तरास न्हाई झाला?"

"त्या वेळी नाही."

आईनं मान हलवली. "लहानपणापासून तिला वाऱ्यात झोप यायची न्हाई," ती म्हणाली. "तुझा बाप उघडी टाकायचा आन ही उठून लावायची. त्यावरनं दोघांची रोज भांडणं." आणि मग ती बोलतच राहिली. ताईनं लपवून खाल्लेल्या साखरेचं, शाळेत घातलेल्या वादाचं, लग्नात सासरच्या बायकांना दिलेल्या उलट उत्तराचं. काही मला माहीत होतं, बरंचसं नव्हतं. मधेमधे ती पदरानं डोळे पुसायची, मीही रडलो. चहा राहूनच गेला. उठताना तिनं पुस्तक उचलून फळीवर ठेवलं आणि म्हणाली की शेजारची मागत होती, तिला देऊन टाकते.

ओतूरला परतताना जीप खच्चून भरलेली होती. मी मागच्या बाकावर कसाबसा टेकलो. समोरच्या माणसानं गुडघ्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि ते माझ्या बाजूनं उलटं दिसत होतं. कांद्याचे भाव, खाली बेल्ह्याच्या बैलबाजाराची बातमी, कोपऱ्यात कुठल्याशा तालमीच्या आखाड्याची जाहिरात. मी मान वाकडी करून उलटी अक्षरं लावत होतो. एक ओळ लागली, मग दुसरी लागली, आणि तिसरी काय असेल याची मला उत्सुकता वाटली. त्या माणसानं ते पाहिलं असावं.

"घ्या की पाव्हणं," तो पेपरची घडी करत म्हणाला, "मला आता उतरायचंय."

मी तो घेतला आणि सुलटा धरला. ओतूर येईपर्यंत त्यातलं एक अक्षर सोडलं नाही.