निरोपाच्या दिवशी तापलेला हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर वेड्यात काढत आलोय. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटते... पण घडलं ते घडलं.

जिंतूरजवळच्या एका जिनिंगमध्ये मी तेहतीस वर्षं कापूस पारखला. रोज सकाळी प्रत्येक ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा — आत ऊब लागली की ढीग फोडायचा, कारण ओला कापूस वरून गार असतो अन् आतून धुमसतो. दोन वर्षांमागं छोट्या मालकांनी ओल मोजायचं मशीन आणलं आणि मला साठी झाली म्हणून घरी बसवायचं ठरवलं. पेन्शन नाही, काही नाही. शाल, नारळ अन् एक फोटो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, त्याचा राग अजून आहे.

निरोपाच्या दिवशी सकाळी नेहमीसारखा ढिगांकडं निघालो, तर छोट्या मालकांनी अडवलं.

"काका, आज तुमचा मान हाय. आज कामाला हात लावायचा न्हाई."

दुपारी मला मधल्या खुर्चीत बसवलं. मालक माईकवर बोलत होते, "काकांनी आता आराम करावा, देवदेव करावं..." आणि माझा उजवा तळहात तापायला लागला. तव्यावर टेकवल्यासारखा. बघितलं तर लाली नाही, फोड नाही. डावा हात गार. मी उठलो.

"बसा की काका, शाल राहिली," मालक म्हणाले.

"शाल ऱ्हाऊ द्या. मला ढीग बघू द्या."

पहिल्या दोन ढिगांपाशी हात तेवढाच गरम. तिसऱ्याजवळ गेलो तर असा भाजला की डोळ्यांत पाणी आलं. रोजंदारीच्या बायकांना कार्यक्रमात खुर्च्या नव्हत्या, त्या त्याच ढिगाला टेकून भाकरी खात होत्या. त्यांना उठवलं, हात आत घातला. आत लय गरम. ढीग फोडला तर पोटात काळा पडलेला, भसाभसा धूर. त्या सकाळी मशीननं त्याला ठीक म्हटलं होतं.

सगळं विझल्यावर मालक हळूच म्हणाले, "काका, उद्यापासून या."

"येतो. पण कवा थांबायचं ते मी सांगणार, तुमी न्हाई."

डॉक्टरांना हात दाखवला, ठणठणीत निघाला. पोरगा म्हणतो योगायोग. असेल बाबा. मी अजून रोज कामावर जातो. ढिगाला हात लावायच्या आधी, लांब खुर्चीत बसल्या बसल्या हात का तापला, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण साठीला माणूस संपतो हे कुणी ठरवलं, तेही मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.