रक्तातलं कसब

चितळ टेबलावर आडवा पडला होता. पोट फुगलेलं, जीभ बाहेर. पारशिवनीकडच्या रस्त्यावर ट्रकखाली मेला आणि जंगलखात्याच्या माणसांनी आमच्या कॉलेजात आणून टाकला, कारण विभागप्रमुखांना संग्रहासाठी कातडं हवं होतं. बी.एस्सी.ची पोरं-पोरी नाकाला रुमाल लावून भोवती उभी. मी तेव्हा नागपुरातल्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. एम.एस्सी., पहिला वर्ग. नोकरी मात्र कच्ची. पक्की करणं याच विभागप्रमुख सरांच्या हातात.

सरांनी चाकूचा ट्रे माझ्याकडे सरकवला आणि पोरांना म्हणाले, "नीट बघा. हे कौशल्य पुस्तकात नाही मिळत. यांच्या रक्तातच आहे ते."

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. हसले असते तर टोमणा आहे हे निदान त्यांना कळलं असं म्हटलं असतं. पोरं माना डोलवत वह्या उघडून उभी राहिली.

सरांकडे शब्दांचा तोटा नव्हता, पण वाटप ठरलेलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मेणात बसवलेल्या अवयवांचे केसापेक्षा पातळ काप काढायचं काम मी आणि दुसरा एक डेमॉन्स्ट्रेटर करायचो. तो सरांच्याच नात्यातला. त्याचा काप साधला की सर म्हणत, "अभ्यास दिसतो." माझा साधला की, "हात बसलाय हो तुमचा." तो निपुण. सर स्वतः तज्ज्ञ. मी कसबी. त्याला डोकं, मला नुसता हात. आणि आज तो हातही माझा राहिला नव्हता, तो आज्याचा झाला होता. कितीतरी बोटं चिरून घेतली होती मी ते काप शिकताना. त्याचं काय?

कसलं रक्त? मला मेलेलं जनावर सोलताच येत नव्हतं. जन्मात सोललं नव्हतं.

आमचं गाव हिंगण्याच्या पलीकडे. गावात ढोर मेलं की माझ्या बापाला हाक यायची. ओढायचं, सोलायचं. नागपुराहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला त्या रात्री बापाने सुरी नाल्यात फेकली. मी लहान होतो, पण त्याचे शब्द कानात आहेत. आईला म्हणाला, "आता मेलेलं ओढाचं नाही, सोलाचं नाही. माह्या पोराले ते शिकवाचं नाही." गावाने सूड घेतला. कामं बंद, दुकानातलं मीठ बंद. शेवटी आम्ही नागपुरात आलो. बापाने मालधक्क्यावर पोती वाहिली. पाठ मोडली, पण सुरी पुन्हा धरली नाही. आणि तीच सुरी हा माणूस माझी तारीफ करत माझ्या हातात देत होता.

 

मी ट्रे उचलला आणि सरांसमोर ठेवला. म्हणालो, "सर, मला हे येत नाही. माझ्या बापाने सोडलं, म्हणून मी शिकलो नाही. तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही दाखवा, मी या मुलांबरोबर शिकतो."

सर लाल झाले. "अहो, मी कौतुक केलं तुमचं."

"जे मी शिकलो त्याचं करा. हे कौतुक नाही सर, ही जात आहे."

सरांनी चाकूला बोट लावलं नाही. दुसऱ्या डेमॉन्स्ट्रेटरनेही नाही. चितळ तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी घाण वास पार ऑफिसपर्यंत गेला, तेव्हा झाडूवाल्यांना बोलावलं. सर लांब उभे राहून त्यांना म्हणाले, "तुम्हाला जमतं हो हे." थू!

त्या सत्राच्या शेवटी माझी नोकरी गेली. घरी आई रडली. "काहून बोललास बाबू? गप राह्यला असता तं पक्की झाली असती." बाप कोपऱ्यात पाठ शेकत बसला होता. म्हणाला, "पक्की झाली असती गा. पण काय म्हणून?"

पुढे दुसऱ्या कॉलेजात लागलो. आता प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मी बेडकाचा ट्रे मध्ये ठेवतो आणि सांगतो, हे कोणाच्याही रक्तात नसतं. हे शिकावं लागतं आणि चुकत चुकतच येतं. पहिला चिरा प्रत्येकाने स्वतः द्यायचा. कोणासाठी कोणी कापणार नाही. दरवर्षी एखादा हळूच मागे सरतो. आमच्याकडे चालत नाही सर, म्हणतो. शेजारच्याकडे बोट दाखवून सुचवतो, हा करेल माझंही. शेजारचा कोण असतो ते मला आडनाव न विचारता कळतं.

त्याला मी पुढे ओढतो. नाक धरायचं असेल तर धर, म्हणतो. दुसऱ्या हातात चाकू धर.