अण्णांचं अर्धं पोट

लग्नाचा स्वयंपाक करत हिंडणाऱ्यांकडे किस्से साठतात ते पंगती उठल्यावर. वऱ्हाड पांगलेलं असतं, चुलवणं निवत असतात आणि पाठ टेकायची तर मोठी भांडी अजून घासायची असतात. मग कोणीतरी सुरुवात करतो. आमच्या सोलापूरच्या टोळीत मी जाळ सांभाळायचो, दगडू पुऱ्या लाटायचा आणि मुख्य आचारी म्हणजे अण्णा. शाळा आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती, त्यामुळं सगळं डोक्यातच राहिलं. आणि विषय कुठूनही निघो, शेवटी यायचा अण्णांच्या पोटावरच.

अण्णा चांगले जाडजूड. मांडवात शिरले की यजमान निर्धास्त व्हायचा. पण बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली त्यांना रक्ताची उलटी झाली. पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग कापून काढला.

अण्णा शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, आता थोडं थोडं खायचं, दिवसातनं पाच-सहा वेळा, आणि महिन्याला रक्तवाढीचं तांबडं इंजेक्शन चुकवायचं नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सायेब, चव कळंल न्हवं?"

"चव जिभेला कळते हो. जीभ तुमची शाबूत आहे."

"मग काय गेलं न्हाय," म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले.

*

वर्षभरात अण्णा निम्मे झाले. दुष्काळात सगळेच वाळले होते, त्यामुळं एक साल खपून गेलं. पाऊस झाला, माणसं पुन्हा भरली. अण्णा तसेच.

अकलूजला एका बागायतदाराकडं लग्न होतं. मालक अण्णांच्या समोर उभे राहून मला विचारतात, "आचारी कुटं हाईत?"

अण्णा म्हणाले, "हितं हाय की."

मालकांनी त्यांना खालवर न्याहाळलं. "सवताच्या हातचं खात न्हाईसा वाटतं."

अण्णांच्या ते मनाला लागलं. पुढच्या कामाला ते बंडीखाली टॉवेलाची घडी बांधून आले. लांबून पोट झकास दिसत होतं. पण वाकून वाकून गाठ सुटली आणि घडी कढईपाशी पडली. अण्णा आपल्याच नादात भाताकडं निघालेले. दगडूनं लाटणं थांबवून भर मांडवात हाक मारली, "अण्णा, तुमचं पोट हितंच ऱ्हायलं की!"

*

कापलेल्या पोटाला गोडाचं मात्र अवघड होतं. चमचाभर चालायचं. वाटीभर पोटात गेलं की घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी. बटाट्याच्या पोत्यांवर अर्धा तास आडवे झाले की पुन्हा ठणठणीत.

एका घरी बासुंदी होती. नवरीच्या आजीला संशय आला. आचारी चमच्यापुढं जात नाही, मग घातलंय तरी काय त्यात? पंगत बसलेली, कोणी हात लावेना. अण्णांचं नाव जायची वेळ. त्यांनी सगळ्यांसमोर वाटी भरून घेतली आणि सावकाश पिऊन दाखवली.

लोकांनी माना डोलावल्या. वाट्या उचलल्या. तेवढ्यात अण्णा हळूच खाली बसले, मग आडवे झाले.

ती बासुंदी आम्ही दोन दिवस खात होतो.

*

इथवर हसण्यावारी गेलं. पण अण्णांची शांता लग्नाला आली, आणि गल्लीत बोलणं सुरू झालं की बापाला क्षय आहे, माणूस झिजत चाललाय. दोन स्थळं पोरगी न बघताच परत गेली. अण्णा आमटीत मीठ दोनदा घालायला लागले.

तिसरं स्थळ कुर्डुवाडीचं. मुलाचा बाप रेल्वेत फिटर, रांगडा माणूस. मी बोलणीला हजर होतो. पाहुण्यांनी अण्णांना शेजारी जेवायला बसवून घेतलं. अण्णांची अर्धी भाकरी झाली आणि हात थांबला.

"येवढंच?" पाहुणे म्हणाले.

शांता पाणी घेऊन आली होती. तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, "आजार न्हाय त्यो. आजार कापून काढलाय."

तिची आई आत कपाळाला हात लावून बसली.

"दावा बरं," पाहुणे म्हणाले.

अण्णांनी बंडी वर केली. पाहुण्यांनी वाकून, इंजिनाचा जोड तपासावा तसा तो वण वरपासून खालपर्यंत पाहिला.

"काम चांगलं केलंय," म्हणाले. "तारीख धरा."

*

लग्नात खरी पंचाईत पुढंच होती. व्याह्यांची भावकी जिलबीचं ताट घेऊन मुलीच्या बापाला घास भरवायला आली. नको म्हणावं तर अपमान. खावी तर तिथंच आडवं व्हायचं, आणि क्षयाची बातमी वरातीच्या आधी कुर्डुवाडीला पोचायची. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी पोती कुठं आहेत ते बघून ठेवलं.

पण व्याही शेजारीच बसले होते. त्यांनी आलेला हात मधेच धरून घास आपल्या तोंडात घेतला. दुसरा आला, तोही घेतला. म्हणाले, "ह्यांचं सगळं माज्याकडं आणायचं."

तेव्हापासनं ती रीतच पडली. सण असो, समारंभ असो, व्याही अण्णांच्या शेजारी बसायचे आणि अण्णांच्या पानातलं गोड उचलायचे. अण्णांचं अंग पाच-सहा वर्षांत थोडंसं भरलं. व्याह्यांचं मात्र सुटतच गेलं. इंजिनाखाली शिरता येईना, म्हणून साहेबानं त्यांना फाटकावर बसवलं. शेवटी डॉक्टरांनी गोड बंद केलं. विहीणबाई कडक, त्यांनी घरात सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली.

शांताच्या धाकट्याच्या बारशाला आम्ही कुर्डुवाडीला गेलो होतो. दोघे व्याही पंगतीत शेजारी. समोरून विहीणबाईंची नजर. शांता लाडवांचं ताट घेऊन सासऱ्यांपुढं आली आणि तिथंच थबकली.

व्याही अगदी साधेपणानं म्हणाले, "माजं ऱ्हाऊ दे, सूनबाई. तुज्या बापाला दोन वाढ."