आक्का, जरा तडी

बाकी सगळं सांगायच्या आधी आक्काचं सांगतो. नंतर सांगू म्हटलं की माणूस आपलंच सांगत बसतो, आणि ज्यानं हात दिला तो शेवटी कुठंतरी एका ओळीत उरतो. आक्का म्हणजे बेळगावच्या वडगावातली माझी घरमालकीण. खाली तिचे साडी विणायचे दोन माग, वर माझी पत्र्याची खोली. माझं गाव यवतमाळकडचं. तिचं माझं नातं नाही, जात-गोत नाही, बोलणंसुद्धा एक नाही. तरी आज मी ज्या कामावर जगतो ते काम तिच्या आवाजावर चालतं. हे मी गोड लागावं म्हणून म्हणत नाही. खरोखरच तिच्या आवाजावर चालतं.

मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा सुटली. वडील गेले, मग मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, मग टॉवरच्या केबली ओढणाऱ्या टोळीबरोबर हिंडत हिंडत बेळगावला आलो. टोळी पुढं गोव्याला गेली. मी मागं राहिलो, कारण एका डॉक्टरांना फोनमधलं कळणारा माणूस हवा होता. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सगळे म्हणजे तेव्हा दोघं, मी आणि आणखी एक पोरगा. दवाखाना सोडून सरांनी दोन खोल्यांत कंपनी काढली होती.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. बीपीचा, शुगरचा पेशंट दवाखान्यातून घरी गेला की रोज संध्याकाळी त्याच्या फोनवर आमचा फोन जाणार. माणूस नाही, मशीन बोलणार, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. गोळी घेतली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन, गरगरत असेल तर तीन. दवाखान्यातल्या स्क्रीनवर ते दिसणार, आणि तीन दाबणाऱ्याला तिथली नर्स लगेच फोन करणार. सर म्हणायचे, "गोळी दवाखान्यात मिळते, पण माणूस विसरतो घरी. आपला धंदा त्या विसरण्यावर आहे." मला ते फार आवडायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग लोकायनं विसरणं सोडलं तर तुह्यं कसं होईन?"

माझं काम गावोगाव जाऊन पेशंटना बटणं दाबायला शिकवायचं. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका, येळ्ळूरचे शेतकरी, आमच्याच गल्लीतले विणकर. दिवसभर माणसांत असायचो आणि संध्याकाळी खोलीत आलो की दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं होतं का, हे आठवावं लागायचं. बोलायचे सगळे, पण गोळीबद्दल.

आक्का तेवढी मला चिडवायची. जिन्यावर माझी चाहूल लागली की खालून हाक यायची.

"काय करालास रं?"

"स्वयंपाक करून राहिलो."

"राहिलो? कुठं राहिलास?"

"इथंच."

"मग सैपाक कोण करालंय?"

आमच्याकडं 'करून राहिलो' म्हणतात, यांच्याकडं 'करालोय'. रोज हाच विनोद, आणि रोज ती नव्यानं हसायची. त्या हसण्यासाठी मी मुद्दाम 'राहिलो' म्हणायला लागलो होतो.

फोन लोक उचलत, पण पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कापत. स्क्रीनवर प्रत्येक पेशंटसमोर एक ठिपका असतो. बटण दाबलं की हिरवा, कापला की लाल. आमची स्क्रीन लाललाल असायची. चहाच्या गाड्यावर उभा असतानाही मी मोबाईलवर ते ठिपके बघत असायचो, बघून हिरवे होणार असल्यासारखे. शेवटी एक दिवस सर म्हणाले, "दवाखानेवाले दिवाळीपर्यंत बघणार. लोक ऐकतच नसतील तर ते थांबवणार. आणि आपल्याकडं दवाखाना एकच आहे."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. कंपनी बंद झाली तर सर परत डॉक्टर होणार होते, दुसरा पोरगा इंजिनियर होता. मी परत टॉवरवर चढणार होतो. आणि तिकडं आई शेजारणीला सांगून बसली होती की पोरगा आता दवाखान्याच्या कंपनीत कायमचा लागला.

लोक का कापतात हे विचारायला मी येळ्ळूरला एका म्हाताऱ्या पेशंटकडं गेलो. ते दारात पायलीभर शेंगा निवडत बसले होते.

"आप्पा, संध्याकाळी फोन येतो ना?"

"येतोय की. कापतोय मी."

"काऊन?"

"काऊन म्हंजे काय रं?"

"का कापता म्हटलं."

"पयलं कन्नडात बोलतंय ते. माझ्या घरात येतंय, तर पयलं माझ्या भाषेत नगो बोलाय?"

"मग गोळी?"

"गोळी घेतोय की. गोळीनं काय केलंय?"

आम्ही मराठी पहिलं केलं. येळ्ळूरचे ठिपके थोडे हिरवे झाले आणि कन्नड बोलणाऱ्या गावांतले लाल. तिथं गेलो तर एक म्हातारी कन्नडमध्ये बरंच बोलली. तिच्या सुनेनं मराठीत सांगितलं, "म्हनत्यात, दुसऱ्या कुनाचा फोन चुकून आला आसंल, आपन कशाला ऐकायचा, म्हनून ठेवला." राग वगैरे काही नव्हता. उलट तिनं मला ताक दिलं.

कुणाला कुठली भाषा हे आधीच लिहून का घेतलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण या भागात ते विचारणं नाव विचारण्याइतकं सोपं नाही. दवाखान्यातले लोक विचारायला कचरत, आणि विचारलं तरी फोन घरात एक. सासू मराठी, सून कन्नड, उचलणार कोण ते देवाला ठाऊक. सरांनी पुण्याहून एका बाईंचा आवाज आणला. इतका स्वच्छ की लोकांना वाटलं, कर्जवाले आले. मग सर म्हणाले, "तुझी घरमालकीण दोन्ही बोलते ना? तिला विचार."

आक्काला विचारलं तर आधी म्हणाली, "माझा घोगरा आवाज कशाला?" मग म्हणाली, "कवा करायचं?"

इथं खरी अडचण होती. आमच्या गल्लीत दिवसरात्र माग चालतात. इतका खडखडाट की नवरा-बायको भांडले तरी शेजारी कळत नाही. शांतता म्हणजे लाईट गेलेली असणं. सगळी गल्ली लाईट जाण्याला शिव्या देते, आणि मी एकटा खिडकीत बसून ती जाण्याची वाट बघत होतो.

एका दुपारी गेली. एकदम सगळं थांबलं. मी मोबाईल घेऊन जिन्यावरून पळतच खाली आलो. पण माग थांबले की बायका उंबऱ्यावर येतात, तशी समोरच्या घरातली म्हातारी आली. ती कन्नड बोलणारी, आक्काहून मोठी, आणि आक्का तिलाही आक्काच म्हणते. मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि तिनं काहीतरी सांगायला सुरुवात केली. आक्कानं हात वर केला.

"आक्का, जरा तडी!"

तडी म्हणजे थांब. कन्नड शब्द, पण इथं मराठी तोंडातही बसलेला. म्हातारी थांबली. आक्कानं मी लिहून दिलेलं मराठी म्हटलं, लगेच तेच कन्नडमध्ये म्हटलं, आणि शेवटचं वाक्य संपतंय तोवर लाईट आली. माग सुरू झाले. दुसऱ्यांदा घ्यायची सोयच उरली नाही.

सर पाठव पाठव म्हणून घाई करत होते. मी शेवटचा खडखडाट कापला आणि फाईल पाठवून दिली. सुरुवातीचं कापायचं राहिलं. त्या संध्याकाळी सगळ्या पेशंटच्या घरात फोन वाजला आणि पहिलं वाक्य गेलं, "आक्का, जरा तडी!"

सकाळी सरांचा फोन. "हे तडीबिडी काय आहे? ऐकलं नव्हतंस पाठवायच्या आधी?"

चूक झाली एवढं म्हणालो. फोन ठेवला आणि पिशवीत कपडे भरले. कुणी सांगितलं नव्हतं, पण हात आपोआप ते करत होते. आईला काय सांगायचं याचे दोन-तीन प्रकार मनात जुळवून पाहिले. पिशवी घेऊनच ऑफिसात गेलो, म्हणजे परत यायला नको.

सर स्क्रीनपुढं उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "इकडं ये."

ठिपके हिरवे होते. सगळे नाही, पण इतके मी कधी पाहिले नव्हते. येळ्ळूरचेही आणि त्या ताकवाल्या म्हातारीच्या गावचेही.

"ते सुरुवातीचं कापू नकोस," सर म्हणाले. मग त्यांचं लक्ष पिशवीकडं गेलं. "कुठं निघालास?"

"कुठं नाही. धुवायचे कपडे आहेत," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस मी विचारत हिंडलो. आक्का हा शब्द दोन्हीकडचा. जरा दोन्हीकडचा. तडी सगळ्यांना कळणारा. कन्नडवाल्यांना ते कन्नड वाटलं, मराठीवाल्यांना मराठी, आणि आपल्यातलीच कुणीतरी बाई थांब म्हणतेय म्हटल्यावर लोक थांबले. येळ्ळूरचे आप्पा तर म्हणाले, "मला आक्का म्हनाली ती! म्हटलं, बाई चुकालीय, सांगावं. सांगाय थांबलो तवर गोळीचं इचारून बसली की." निपाणीत एका बाईचे हात विडीत गुंतलेले. ती फोन स्पीकरवर टाकून, इकडच्या बायका बोलतात तसं, म्हणायची, "थांबलो बग, बोल."

काही फोन मात्र शेवटपर्यंत चालत आणि बटण दाबलेलं नसे. मला वाटलं, मशीनच बिघडलं. अशा एका घरी संध्याकाळी जाऊन बसलो. एकटीच म्हातारी होती. फोन वाजला, आक्काचा आवाज आला, आणि म्हातारी त्याला सांगायला लागली. गुडघ्याचं, सुनेचं, पाणी आलं नाही त्याचं. तिकडून आक्का तेच म्हणत होती, एक दाबा, दोन दाबा. फोन बंद झाला तरी ती थोडं बोलत राहिली. मी तिला बटण दाखवलं नाही. त्या दिवशी जमलं नाही मला ते. पुढच्या खेपेला दाखवलं.

दिवाळीला दवाखान्यानं काम पुढं चालू ठेवलं. नंतर आणखी दवाखाने आले. सर एक साडी घेऊन आक्काकडं गेले, मी मागं उभा.

"साडी इणनाऱ्याच्या घरात साडी घिऊन आलासा व्हय?" ती म्हणाली. सर लाजले. मग तिनं पदराचं टोक बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "सूत बरं हाय," आणि ठेवून घेतली.

त्या दिवशी माझ्या फोनवरून तिनं आईशी बोलायचा हट्ट धरला. आईनं विचारलं, "कसं आहे वो माह्यं लेकरू?" आक्का म्हणाली, "लई गुणाचं हाय. नुसतं राहिलो राहिलो करतंय." दोघी एकमेकींचं निम्मं समजून हसत होत्या. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "माझा आवाज समद्यांच्या घरात जातोय म्हनं. एकदा मी बी जावं की रं कुठंतरी. तुझ्या आईकडं तर जावं." कोल्हापूरच्या पलीकडं ती गेलेली नाही.

काम वाढलं तसं सरांनी निपाणीत ऑफिस काढलं आणि मला तिथं पाठवलं. ज्या नोकरीत टिकावं म्हणून जीव टांगणीला लावला होता, तिनंच मला त्या खोलीतून उचललं. आता तंबाखूच्या गोदामामागं राहतो. ऑफिसातली शिकलेली पोरं मला सर म्हणतात, आणि मी अजून मागं वळून बघतो, कुणाला म्हणालीत ते. अजून कुणी नवीन लॅपटॉप घेऊन आलं की वाटतं, हा माझ्या जागी आला. जिन्यावर माझी चाहूल घेणारं इथं कुणी नाही. रात्री इतकी शांतता असते की मागांच्या आवाजावाचून झोप लागत नाही.

फोन नीट जातायत का हे बघायला यादीत एक आपला नंबर ठेवावा लागतो. तो माझा आहे. मला बीपी नाही, शुगर नाही. तरी रोज संध्याकाळी फोन वाजतो आणि आक्का मला थांबवते. मी हातातला घास ताटात ठेवून पूर्ण ऐकतो, मराठीही आणि कन्नडही. मग एक दाबतो. ती मला काय करालास असं विचारणार नाही, हे ठाऊक असतं. तरी बटण दाबायच्या आधी मी तोंडातल्या तोंडात सांगून टाकतो. जेवून राहिलो.

आक्काला मी काही दिलेलं नाही. भाडं दिलं, ते तर कुणीही देतं. पण एक दिवस रजा टाकून वडगावला जाईन आणि तिला माझ्या गावी नेईन. आईच्या हातची पाटवडीची भाजी खाऊ घालीन. तिथं मोठ्या बहिणीला ताई म्हणतात, पण माझ्या दारात तिला सगळे आक्काच म्हणतील, तेवढं मी बघून घेईन. आणि चार दिवस तिला कुणाला काही सांगावं लागणार नाही. आई बोलेल, ती ऐकेल.

तोवर आक्का, जरा तडी. मी येऊन राहिलो.