रंगवलेली स्टेपनी

माझी शेवटची पोस्टिंग आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या कॅम्पवर होती. मी निमलष्करी दलात, एमटी सेक्शनला हवालदार होतो. एमटी म्हणजे गाड्यांचा विभाग. मी मूळचा चामोर्शीचा, त्यामुळे घराजवळ आलो म्हणून खूश होतो. त्याहून खुशीची गोष्ट म्हणजे टायर आणि स्पेअर पार्टचं स्टोअर वासुदेवकडे होतं.

वासुदेव राजुऱ्याचा. आम्ही एकाच बॅचचे. ट्रेनिंगमध्ये एका थाळीत जेवलो, काश्मीरमध्ये एका तंबूत कुडकुडलो. माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाला वाढायला तो कमरेला टॉवेल बांधून उभा होता. टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायला मला त्यानेच शिकवलं. भाऊ म्हणावा असा माणूस. पुढचं लिहिताना हे विसरायचं नाही, म्हणून आधी लिहून ठेवलं.

गाडी खेचून आणायची असली की आमच्याकडे एक नियम होता. टो बार, म्हणजे गाडी खेचायचा दांडा, जोडायच्या आधी स्टेपनी खाली काढायची, हवेचं गेज लावायचं, मगच निघायचं. मागे दुसरी गाडी लटकली की टायरवर ताण येतो, आणि जंगलात पंक्चरचं दुकान नसतं. दुसरा नियम माझा स्वतःचा. टायर बाद झाला की मी त्याच्या बाजूवर चाकूने फुली मारायचो, तळहाताएवढी. बाद टायर कोणी चुकून पुन्हा चढवू नये म्हणून. वासुदेव चिडवायचा, "टायराचं बारसं करून राह्यला का बे?"

त्या दिवशी दुपारी कॅम्पवर इन्स्पेक्शन होतं. आदल्या दिवसापासून नुसती रंगरंगोटी चालली होती. दगडांना चुना, तंबूच्या दोऱ्यांना चुना, टायरांना काळा रंग. दलात नोकरी केलेल्या कोणालाही हे सांगायला नको. साहेबाला काळा कुळकुळीत टायर दिसला की गाडी तंदुरुस्त.

सकाळी सहाला मला ऑर्डर मिळाली. पुढच्या पोस्टची जीप बंद पडली होती, ती टो करून आणायची. तिथे तापाने फणफणलेला एक जवानही होता, त्याला परतताना आलापल्लीच्या दवाखान्यात सोडायचं. मी माझा अडीच टनी ट्रक काढला आणि नियमाप्रमाणे स्टेपनी खाली घेतली. तिला ताजा रंग होता, हाताला लागत होता.

"हिले काऊन रंगवलं बे? ही तर बाहेर चालली."

"सगळ्याच रंगवल्या," वासुदेव म्हणाला. "हवा आत्ताच मारली. पाह्यून घे."

मी गेज लावलं. काटा जिथे हवा तिथे होता. हातोडी मारली, आवाज टणक आला. त्याने स्वतः स्टेपनी वर चढवायला हात दिला, नट आवळले आणि बॉनेटवर थाप मारली. "जाय आता. जेवाले वाट पाह्यतो."

जाताना काही झालं नाही. रोड ओपनिंग पार्टी रस्ता तपासून गेली होती. पोस्टवर जीप मागे जोडली आणि त्या आजारी जवानाला केबिनमध्ये मधे बसवलं. सुखदेव कोवे. आलापल्लीजवळच्याच गावचा, अंगाने काटक, बोलायला कमी. तीन दिवसांचा मलेरिया त्याच्या डोक्यात चढत होता. अंग चटके देत होतं, पण शुद्ध होती. पुढे-मागे मोटारसायकलवर एस्कॉर्ट.

अर्ध्या वाटेत, नाल्याच्या चढावर पुढचा डावा टायर फुटला. जीप मागे ओढत होती, तरी गाडी आवरली. मी दार उघडलं तेव्हा सुखदेवने डोळे उघडले.

"भाऊ, स्टेपनी हाय ना?"

"हाय. सकाळीच पाह्यली. पाच मिनिटं कळ काढ."

तो हसला आणि त्याने मान टेकवून डोळे मिटले.

मी गाडीखाली शिरलो. स्टेपनी खाली आली ती मेलेल्या बैलासारखी, धप्पकन. आत हवा नव्हती. सकाळी टणक वाजलेला टायर दुपारी हाताने दबत होता. हातपंप लावला. थोडी हवा भरली आणि बाजूच्या रबरातून ट्यूबचा फुगा बाहेर आला. तिथे चीर होती, आतून रबराचा तुकडा लावलेला आणि वरून रंगाचा जाड थर. मी अंगठ्याने रंग खरवडला. चिरेच्या शेजारी फुली होती. माझीच, माझ्याच चाकूची, पुट्टी भरून बुजवलेली.

मला राग यायला वेळ लागला. आधी मी फुलीवरून दोनदा बोट फिरवलं, दुसऱ्या कोणाची असेल म्हणून.

वायरलेस सेटवर कॅम्पला कळवलं. "टायर फुटला. स्टेपनी फ्लॅट. पेशंट सीरियस. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

"दुसरी गाडी इन्स्पेक्शन लाइनमध्ये आहे. जागेवर थांबा. ओव्हर."

"पेशंट सीरियस आहे. ओव्हर."

"थांबा. आउट."

सुखदेवला झटके यायला लागले. जीपचं चाक ट्रकला बसत नाही, बेशुद्ध माणूस मोटारसायकलवर बसत नाही. खाटेवर उचलून नेण्याएवढं आलापल्ली जवळ नव्हतं. एस्कॉर्टच्या पोरांनी पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो.

साहेब गेले, मग दुसरी गाडी निघाली. वासुदेवच घेऊन आला. तिच्याखाली माझी चांगली स्टेपनी लटकत होती, काळ्या रंगाखालून माझ्या गाडीचा पिवळा नंबर दिसणारी. त्या गाडीला स्टेपनीच नव्हती आणि लाइनमध्ये तशी गाडी उभी करता येत नाही. म्हणून माझी काढून तिला लावली आणि मला भंगारातली नटवून दिली. निघायच्या आधी हवा मारली की माझ्या गेजपुरती ती टिकणार, हे त्याला ठाऊक होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी त्याचा हात धरून फुलीवर ठेवला. त्याने तो काढून घेतला.

"एका दिवसाचा सवाल होता गड्या. संध्याकाळी बदलवूनच देत होतो."

सुखदेव आलापल्लीच्या अलीकडे गेला. गाडी मीच चालवत होतो.

चौकशी झाली. वासुदेवला विचारलं, स्टेपनीत हवा होती का? तो म्हणाला, "होती साहेब. ड्रायव्हरनं स्वतः गेज लावून पाह्यली." मला विचारलं, लावलं होतं का? मी म्हणालो, होय. फुलीचं मी सांगितलं, पण तोवर तो टायर भंगारात गेला होता आणि तो कोणाला सापडला नाही. नशिबाचा भाग म्हणून प्रकरण मिटलं. शत्रूने गोळी घातली असती तर मी समजू शकलो असतो. याने केसाने गळा कापला, आणि कापताना माझाच प्रामाणिकपणा हातात धरला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. आजही बोलत नाही. तो राजुऱ्यात असतो, सणाला फोन करतो, मी वाजू देतो.

रिटायर झाल्यावर सुखदेवच्या गावी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती मोहाची फुलं वाळत घालत होती. हात न थांबवता ऐकलं.

"तो तुहा दोस्त होता, तुले धोका देला," ती म्हणाली. "माह्या पोराची अन् त्याची तं ओळखबी नव्हती."

तिने पाणी दिलं, मी ते पिऊन निघालो.

आता चामोर्शीत बंद पडलेल्या गाड्या खेचून आणायचं काम करतो. निघण्याआधी स्टेपनी खाली काढतो, गेज लावतो, मग तळहाताने पूर्ण बाजू चाचपतो. लोक हसतात, "हवालदार, टायर हाय का म्हैस?" हसू देत. दरवेळी हात फिरवताना सुखदेव केबिनमधून विचारतो, स्टेपनी हाय ना भाऊ. वासुदेव त्याच्याशी एक शब्दही खोटं बोलला नव्हता. ते खोटं त्याने माझ्या तोंडून वदवून घेतलं. "हाय" म्हणालो मी, आणि त्या पोराने विश्वासाने डोळे मिटले.