मदरबोर्ड खाली आणा

पेठेतल्या ज्या गल्लीत कॉम्प्युटरची दुकानं आहेत, तिथं मी स्कूटर लावली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात फोन केला. इमारतीला लिफ्ट नाही हे मला आधीच माहीत होतं.

माझे पाय लहानपणापासून चालत नाहीत. स्कूटरला मागे दोन जादा चाकं आहेत, बाजूला कुबड्या अडकवायची सोय आहे. जिने मी चढू शकते. पायरीवर बसून, हातांवर भार देत, उलटी सरकत. अख्खं कॉलेज मी असंच पार केलं आणि रोज वर पोचल्यावर आधी ड्रेसची धूळ झटकली. पण त्या दिवशी निघतानाच ठरवलं होतं, आज गिऱ्हाईक मी आहे, आज चढायचं नाही.

मी घरी बसून इंटिरिअर करणाऱ्यांना थ्रीडी चित्रं काढून देते. फ्लॅट अजून रिकामा असतो, तेव्हाच त्यातलं स्वयंपाकघर कसं दिसेल, दिवाणखान्यात उजेड कुठून येईल, ते दाखवायचं. हे काम मी ज्या लॅपटॉपवर करत होते, तो माझ्या चुलतभावानं मला न विचारता आणला होता. "तुला घरातच तर बसायचंय, एवढा पुरे," म्हणाला. माझ्या बहुतेक वस्तू अशाच घरात आल्या. चपला, ड्रेस, पलंगसुद्धा. कुणीतरी जाऊन आणायचं आणि मी वापरायचं.

मग कर्वेनगरच्या एक डिझायनर बाई, ज्या मला नेहमी काम देतात, फोनवर म्हणाल्या, "अख्ख्या बंगल्याचं काम आलंय गं, पण तुझ्या मशीनला झेपणार नाही. दुसरीकडे देऊ का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. एका खोलीत सोफा, पडदे आणि झुंबर मांडलं, की लॅपटॉपची मेमरी भरायची आणि सगळं जागच्या जागी गोठायचं. मी त्यांच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि सुटे भाग घेऊन स्वतःच डेस्कटॉप जोडायचा ठरवलं. बाकीचं सामान ऑनलाइन मागवलं. मदरबोर्ड आणि मेमरी मात्र मला हातात घेऊन निवडायची होती, कारण पुढं सगळं त्या दोघांवरच अवलंबून राहणार होतं.

वडील म्हणाले, "आगं, भावाला सांग की. त्यो आणंल. तू कशाला उन्हाची जातीस?"

"तो त्याला पटेल ते आणेल," मी म्हणाले आणि धायरीहून निघाले.

फोन दुकानदारानंच उचलला. पन्नाशीचे असावेत. गॅलरीतून वाकून त्यांनी मला पाहिलं.

"दुकान वर आहे, मॅडम. खाली फक्त पार्किंग आहे."

"पाटी वाचली मी. म्हणूनच फोन केला. बोर्ड खाली आणा."

"अहो, घरच्या कुणाला तरी पाठवा ना. समजावून देतो सगळं."

"घरच्यांना कॉम्प्युटर नकोय. मला हवाय."

फोन बंद झाला. मला वाटलं, विषय संपला. पण थोड्या वेळानं ते दोन खोकी काखेत घेऊन जिन्यातून उतरले, चेहरा त्रासलेला. मी दोन्ही खोकी स्कूटरच्या पायठेवणीवर ठेवून घेतली आणि उघडली.

पहिला बोर्ड जुन्या पिढीच्या मेमरीचा होता. "हा माल तयार आहे. स्वस्तात बसेल. तुमच्या कामाला सोळा जीबी भरपूर झालं," ते म्हणाले.

"माझं काम काय आहे?"

ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी सांगितलं. बंगल्याचं सांगितलं, गोठणाऱ्या लॅपटॉपचंही. या बोर्डात नवी मेमरी बसत नाही, म्हणजे पुढं वाढवायची म्हटली तर बोर्डच बदलावा लागेल, हेही सांगितलं. दुसऱ्या बोर्डाला मेमरीच्या दोनच जागा होत्या. तोही परत केला. "चार जागांचा आणा. आणि सोळा जीबी मेमरीच्या चार पट्ट्या."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा वर गेले. शेजारच्या केबलच्या दुकानातली माणसं आता उघडउघड बघत होती. बघू दे म्हटलं.

या वेळी त्यांनी आणलेला बोर्ड मला हवा तसाच होता. मेमरी मात्र त्यांनी वेगळी आणली होती, बत्तीसच्या दोन पट्ट्या. मी काही बोलायच्या आत ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"आता माझं ऐका. या मेमरीत चारी जागा भरल्यात, तर वेग उतरतो. चौसष्टच हवेत ना? मग दोनांत घ्या. पटत नसेल तर फोनवर बघा."

मी खरंच फोन काढून बघितलं. बोर्डाच्या कंपनीनंही तेच लिहिलं होतं. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "दोनच द्या. पण बोर्ड चार जागांचाच."

"दोन जागा रिकाम्या ठेवून काय करणार?"

"ठेवणार रिकाम्या. माझ्या आहेत."

ते पहिल्यांदा हसले. बिल करायला दुसऱ्यांदा वर गेले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. मला वाईट वाटलं नाही. मी जिने मोजत बसत नाही, त्यांनीही बसू नये.

घरी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मी जोडणी केली. मेमरीची पट्टी जागेत दाबताना कट्‌कन आवाज आला, तसे वडील पुढं झाले. "मोडलं का?"

"बसलं."

बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि मॉनिटर काळाच राहिला. वडील शेजारी उभे, त्यांचा हात प्लगपाशी.

"काय तरी चुकलंय. बंद कर, जळंल सगळं. त्याला बोलवू का?"

"नाही. कुणाला बोलवायचं नाही आणि बंदही करायचं नाही."

नवी मेमरी पहिल्यांदा ओळखून घ्यायला बोर्डाला वेळ लागतो, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि काळ्या पडद्यासमोर बसणं वेगळं. तरी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वडिलांनी हळूच हात मागं घेतला आणि खुर्ची ओढून तेही बसले.

पिवळा दिवा विझला. पडद्यावर बोर्डाचं पान उघडलं, त्यात मेमरीसमोर आकडा होता, चौसष्ट. मेमरी तिच्या पूर्ण वेगानं चालत नव्हती, ते एक सेटिंग मी तिथंच बदललं.

बंगल्याचं काम मला मिळालं. दिवाणखाना, वरच्या खोल्या, गच्चीवरची बाग, सगळं एकाच फाइलमध्ये उघडं ठेवून मी ते पुरं केलं. वडील हल्ली चहा घेऊन येतात आणि मागं उभे राहून बघतात. परवा विचारत होते, "ही भिंत जरा मागं सारता येती का?"

"येते," मी म्हणाले आणि सारून दाखवली.