तुळशीरामचा शाकाहार

ब्राह्मणपाऱ्यातले नरहरकाका वीज खात्यातून निवृत्त झाले आणि काचेच्या टाकीत शेती करू लागले. टाकीत पाण्यातली रोपं आणि रोपांमधून फिरणारा एक चपटा, देखणा एंजल मासा. खत घालताना काकांचा हात भलताच सैल. बाटलीवर झाकणभर लिहिलेलं, हे दुप्पट ओतणार आणि वर ‘थोडं अजून’ म्हणणार. रोपं राहिली बाजूला, शेवाळच माजलं. काच हिरवीगार झाली, मासा दिसेनासा झाला.

“घरात हे डबकं काहून ठेवून राहिले?” प्रमोदिनीकाकूंनी विचारलं.

काका गुढियारीतल्या दयारामच्या दुकानातून शेवाळ खाणारा मासा घेऊन आले. पण काकूंच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, आणि टाकी नेमकी देवघरासमोर.

“दयाराम म्हणते, दीदी को बोलो, प्योर वेज है,” काकांनी हवाला दिला.

“हव. पण यानं एकदा जरी भलतंसलतं खाल्लं, तर टाकीसकट सगळं त्याच्या दुकानात परत.”

काकांनी तातडीने माशाचं नाव तुळशीराम ठेवलं.

तुळशीराम दिवसभर काच चाटायचा. काच लख्ख झाली. काका येणाऱ्याजाणाऱ्याला धरून टाकी दाखवू लागले. मी शेजारी, त्यामुळे मला रोज. शेवाळ पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी खतही जवळजवळ बंद केलं. जन्मात पहिल्यांदा या माणसाने हात आखडला आणि तिथेच घोटाळा झाला.

एका सकाळी काकूंची आरोळी ऐकून मी धावत गेलो. त्या पूजा अर्धी टाकून टाकीसमोर उभ्या होत्या. आत तुळशीराम एंजलच्या कुशीला चिकटून त्याचं अंग खरवडून खात होता.

काका टाकी परत करायची म्हणून बादली घेऊन आले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं. नोकरी सुटल्यापासून सकाळी उत्साहाने उठायला त्यांना एवढं एकच कारण होतं.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “याले खायला काय देऊन राहिले तुम्ही?”

“काही नाही. तो शेवाळ खाते ना.”

“मग शेवाळ आहे कुठं?”

काकांनी लख्ख काचेकडे पाहिलं.

“म्हणजे उपाशी ठेवलं! माझ्या घरात, देवासमोर!” काकू कडाडल्या. “तुमचा चहा जरा उशिरा आला, तर तुम्ही काय कमी चावता मले? हा तर मुका जीव!”

त्यांनी काकडीची फोड टाकीत सोडली आणि खताची बाटली उघडून काकांच्या हातात दिली.

तुळशीराम निर्दोष सुटला. बादली मात्र रिकामी परत गेली नाही.

“शिशिर, हा एंजल तू घेऊन जा,” काकू मला म्हणाल्या. “समोर फिरून फिरून त्या गरिबाचं व्रत मोडवते.”